पाणी-मिथेनॉल इंजेक्शन: टर्बो गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मार्च उजाडला, घाटात गाडी ओढेनाशी झाली, की कुणीतरी विचारतंच, "ते पाण्याचं किट बसवलं तर?" गेल्या काही उन्हाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराची गरज पडेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाणी-मिथेनॉल इंजेक्शन म्हणजे नक्की काय?

टर्बोने दाबलेली हवा इंजिनात शिरायच्या आधी तिच्यात पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाचा अगदी बारीक फवारा मारायचा, एवढंच. त्यासाठी डिकीत एक टाकी, जास्त दाबाचा छोटा पंप, नायलॉनची नळी, नोझल आणि बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) बघून पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर लागतो. फवारा सतत चालत नाही. बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की सुरू होतो, पाय उचलला की बंद. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही दिवसभर फिरलात तरी टाकीतली पातळी जेमतेम हलेल.

२. इंटरकूलर आहे की! मग हवा आणखी गार कशाला करायची, आणि फवाऱ्याने ती होते कशी?

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. बाहेर ३५ अंश आहे आणि टर्बो एक बार बूस्ट देतोय, म्हणजे हवेचा दाब दुप्पट होतोय, असं धरा. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर हवा जवळपास १३० अंशांवर बाहेर पडते. बरा इंटरकूलर, म्हणजे टर्बोनंतरची हवा वाऱ्यावर गार करणारा रेडिएटर, ती ६०-६५ अंशांवर आणतो. पण इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली कधीच नेऊ शकत नाही, आणि घाटात हळू चालताना त्याच्यावर वाराही पुरेसा येत नाही.

फवारा वेगळ्या मार्गाने काम करतो. माठातलं पाणी गार का राहतं, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की खोली का थंडावते, त्याचं उत्तर तेच इथलं उत्तर आहे: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणायचे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात, मिथेनॉलला सुमारे ११००, आणि पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास.

हिशोब करून पाहू. साधारण २०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ९ किलोच्या आसपास हवा ओढतं आणि पाऊण किलो पेट्रोल जाळतं. पेट्रोलच्या १५ टक्के म्हणजे ११० ग्रॅमभर मिश्रण फवारलं आणि त्याची सगळी वाफ झाली, तर हवा सुमारे २२ अंशांनी उतरते. प्रत्यक्षात हवेच्या नळीत सगळं उडून जात नाही. थेंब सिलिंडरपर्यंत पोचतात आणि उरलेली वाफ पिस्टन वर येताना होते. ते वाया जात नाही, उलट खरं काम तिथेच होतं. कारण पुढच्या प्रश्नात.

३. नॉकिंग, नॉकिंग म्हणतात ते काय, आणि पाण्याने ते कसं थांबतं?

स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्योत प्लगपासून कडेकडे पसरायला हवी. पण पेट्रोल-हवेचं मिश्रण फार तापलेलं आणि दाबलेलं असलं, तर कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेट घेतं. दोन्हींच्या धक्क्याने धातूवर हातोडी मारल्यासारखा 'टण-टण' आवाज येतो. थोडा वेळ झालं तर गाडीची ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेते आणि ताकद कमी होते. नेहमी झालं, तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते.

सिलिंडरमध्ये उडणारी वाफ त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाची उष्णता ओढून घेते, त्यामुळे ते आपोआप पेटायला उशीर होतो. शिवाय मिथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०० च्या वर असल्याने तेही नॉकिंगला दाद देत नाही.

४. पाणीच जास्त गार करतं, तर मिथेनॉल घालायचं कशाला?

सुरुवातीला ते पाणी गोठू नये म्हणून घातलं गेलं. लढाऊ विमान वर गेलं की टाकीतल्या पाण्याचा बर्फ होणार. मग लक्षात आलं की त्याचे इतरही फायदे आहेत. मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं, म्हणून नळीतच पटकन उडतं, तर पाणी नेटाने सिलिंडरपर्यंत जातं. दोघांची जोडी चांगली जमते. शिवाय मिथेनॉल स्वतः इंधन आहे.

मात्र त्यामुळेच हिशोब बदलतो. मिथेनॉल जळतं, म्हणून पेट्रोल-हवेचं मिश्रण श्रीमंत होतं (हवेच्या मानाने इंधन जास्त होतं) आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी करावं लागतं. नुसतं पाणी मारणाऱ्याला ही कटकट नसते. पहिल्यांदा बसवणाऱ्याला आमचा सल्ला असतो: आधी नुसत्या पाण्यावर, किंवा फार तर ३० टक्के मिथेनॉलवर चालवा.

५. म्हणजे गाडी पाण्यावर चालते का? व्हॉट्सॲपवर तसा व्हिडिओ आलाय.

नाही. पाणी जळत नाही. ते हायड्रोजनच्या जळण्यातूनच तयार झालेलं असतं. कंपनीच्या सेटिंगवर चालणाऱ्या गाडीत नुसतं पाणी मारलं, तर ताकद थोडी कमीच होईल, कारण हवेची थोडी जागा वाफ घेते आणि जळण्याचा वेग मंदावतो.

पाणी ताकद देत नाही, मोकळीक देतं. नॉकिंगची भीती कमी झाली की ट्यूनर बूस्ट वाढवू शकतो, टायमिंग पुढे आणू शकतो, आणि इंजिन गार राहावं म्हणून ओतलं जाणारं जादा पेट्रोल कमी करू शकतो. ताकद येते ती तिथून. म्हणून "किट बसवलं, फरक काहीच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, रिमॅप केलं का, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून घेतली का?

६. हा प्रकार नवा आहे का?

अजिबात नाही. हंगेरीच्या डोनाट बांकी यांनी १८९० च्या दशकातच इंजिनात पाणी फवारून पाहिलं होतं. खरी कसोटी लागली दुसऱ्या महायुद्धात. जर्मनांच्या 'एमडब्ल्यू ५०' मिश्रणात ५० टक्के मिथेनॉल, ४९.५ टक्के पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल असायचं. मेसरश्मिट बीएफ १०९ च्या डायम्लर-बेन्झ ६०५ इंजिनाची उड्डाणाच्या वेळची ताकद त्याने १,४७५ वरून १,८०० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. मात्र सलग १० मिनिटांच्या वर वापरायचं नाही, असा दंडक होता. अमेरिकेच्या पी-४७ थंडरबोल्टमधलं प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८०० इंजिनही पाण्याच्या जोरावर २,००० वरून २,३०० वर गेलं. त्या इंजिनांच्या क्रमांकामागे लागणारं 'डब्ल्यू' हे पाण्याचंच.

आपल्याकडचा धागाही विमानाचाच आहे. कानपूरला एचएएलने बांधलेल्या ॲव्रो विमानावर रोल्स-रॉइसची डार्ट टर्बोप्रॉप इंजिनं होती. उष्ण किंवा उंचावरच्या विमानतळावरून उडताना ताकद टिकवायला डार्ट इंजिनात पाणी-मिथेनॉल फवारायची सोय असायची. तिथे नॉकिंगचा संबंध नाही. विरळ, तापलेल्या हवेत गमावलेली ताकद भरून काढायची एवढंच.

मोटारींत हे पहिल्यांदा दुकानातून विकत मिळालं ते १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये. साडेतीन लिटरचं व्ही-८, टर्बो, २१५ हॉर्सपॉवर आणि १०.२५ चं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण इतक्या पट दाबलं जातं)! टर्बोबरोबर एवढं कॉम्प्रेशन त्या काळी वेडेपणाच. ते साधलं 'टर्बो-रॉकेट फ्लुइड' नावाच्या बाटलीतल्या पाणी-मिथेनॉलने. टाकी संपली की बूस्ट आपोआप रोखलं जायचं. पण मालक बाटली भरायला विसरायचे, गाडी मरगळलेली वाटायची आणि तक्रारी यायच्या. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बोच काढून टाकले गेले. तंत्रात खोट नव्हती, माणसाच्या सवयीत होती. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी आजही त्याच जातीच्या असतात.

२०१६ ची बीएमडब्ल्यू एम४ जीटीएस बॉशच्या पाणी-फवाऱ्यासह आली, त्यात मिथेनॉल नाही. डिकीत ५ लिटरची टाकी, ४३१ ऐवजी ५०० हॉर्सपॉवर, आणि बनवल्या मोजक्याच. इंजिन बंद केलं की नळ्यांतलं पाणी परत टाकीत जातं, म्हणजे थंडीत ते नळीत गोठत नाही.

७. माझी गाडी कंपनीच्या सेटिंगवर आहे. किट बसवू का?

नको. पैसे चांगल्या टायरवर खर्च करा. नैसर्गिक हवा ओढणारं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन असेल तर विषयच संपला. ज्यांची गाडी रिमॅप झाली आहे, बूस्ट वाढवलं आहे आणि डेटा लॉगमध्ये ईसीयू टायमिंग मागे घेताना दिसते आहे, त्यांच्यासाठी हे आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी तर आहेच.

८. नोझल कुठे लावायचं?

इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरबरोबर उघडणारी हवेची झडप) आधी, आणि मध्ये वीतभर तरी अंतर ठेवून, म्हणजे थेंबांना पसरायला वाव मिळतो. इंटरकूलरच्या आधी लावलं तर द्रव त्यातच साचतो. टर्बोच्या आधी लावणारेही आहेत, पण लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्रावर थेंब आदळत राहिले की पात्यांच्या कडा झिजतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. थ्रॉटल बॉडीनंतर नोझल असेल, तर पाय उचलल्यावर तिथे पोकळी तयार होते आणि पंप बंद असतानाही ती टाकीतलं पाणी शोषून घेते. सकाळी गाडी चालू करताना सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पंप बंद असताना नळी बंद ठेवणारी झडप, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा चांगला चेक व्हॉल्व्ह, हवाच.

९. किती फवारायचं?

पेट्रोल गाडीत इंधनाच्या १० ते २० टक्के. १५ पासून सुरू करा. जास्त झालं की इंजिन अडखळायला लागतं, जणू कुणी क्षणभर इग्निशन बंद करून परत चालू केलं. तसं झालं तर छोटं नोझल लावा. पंपाचा दाब कमी करू नका, कारण दाब उतरला की थेंब मोठे होतात. फवारा आणि पिचकारी यांत फरक आहे.

१०. बोअरचं पाणी चालेल का? आरओचं?

दोन्ही नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलच्या केसाएवढ्या भोकात बसतात. एका ओळखीच्याने मोठ्या प्रेमाने बसवलेल्या किटमध्ये सोसायटीच्या टँकरचं पाणी भरलं. तीन महिन्यांनी आम्ही नोझल काढलं तेव्हा त्याच्या टोकावर चुन्याची पांढरी टोपी होती, गिझरच्या कॉइलवर बसते तशी. पंप चालू, दिवा हिरवा, फवारा शून्य. तिसऱ्या पिस्टनची रिंगजवळची भिंत तुटून ऑइल पॅनमध्ये पडलेली. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी सगळीकडे मिळतं, तेच वापरा. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात. नळीत बारीक फिल्टरही बसवा.

११. मिश्रण घरी कसं करायचं?

मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, गॅसपासून लांब. निम्मं-निम्मं आकारमानाने मोजा. एक लिटर पाण्यात एक लिटर मिथेनॉल ओतलं की दोन गोष्टी दिसतील: भांडं कोमट होतं, आणि मापात दोन लिटर भरत नाही, सुमारे १.९३ लिटरच भरतं. गळती नाही ती. दोन्हींचे रेणू एकमेकांच्या जवळ बसतात. म्हणून तयार मिश्रणात "कमी दिसतंय" म्हणून आणखी मिथेनॉल ओतू नका. हायड्रोमीटर असेल तर घनता ०.९३ च्या आसपास यायला हवी. ५० टक्क्यांच्या वर मिथेनॉल नेऊ नका. निम्म्या-निम्म्या मिश्रणालाही उन्हाळ्याच्या तापमानात आग लागू शकते, त्यापुढे तर ते सरळ इंधनच होतं.

१२. मिथेनॉल खरंच इतकं धोकादायक आहे का?

हो. हा विषय हलक्यात घेऊ नका. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. दहाएक मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. विषारी पदार्थ म्हणून त्याच्या खरेदी-विक्रीवर परवान्याचं बंधन आहे. "ओळखीचा देतो" म्हणून बिनलेबलच्या कॅनमधून घेऊ नका.

गॅरेजमधली एक सवय आजच सोडा: नळी तोंडात धरून ओढणं. पेट्रोल ओढलं तर चव घेऊन थुंकता येतं. मिथेनॉल स्पिरिटसारखं लागतं आणि लगेच त्रास होत नाही. काही तासांनी होतो, तेव्हा उशीर झालेला असतो. गिळलं गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि 'मिथेनॉल' हा शब्द सांगा. मिश्रण पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही.

आणखी एक: शुद्ध मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत चालक रिक मीअर्सच्या पिटमध्ये (इंधन भरायच्या थांब्यावर) माणसं पेटली होती आणि आजूबाजूच्यांना ज्वाळाच दिसत नव्हत्या.

१३. मिथेनॉलऐवजी थिनर, स्पिरिट किंवा सॅनिटायझर?

थिनर नाही. तो पाण्यात मिसळत नाही आणि नळ्या-सील विरघळवतो. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, ते नोझलमध्ये चिकटतात. शुद्ध इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल तांत्रिकदृष्ट्या चालतं. गारवा मिथेनॉलपेक्षा थोडा कमी, पण विषाची भीती बरीच कमी. आम्हाला विचाराल तर रोजच्या गाडीसाठी नुसतं पाणी (प्रश्न ४ पाहा).

१४. वेगळी टाकी कशाला? पेट्रोलच्या टाकीतच ओतलं तर?

गाडी टो करून न्यावी लागेल. पाणी पेट्रोलमध्ये मिसळत नाही, तळाला बसतं, आणि इंधन पंप तळातूनच ओढतो. ई२० पेट्रोलमध्ये तर पाणी गेलं की इथेनॉलही त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं.

१५. चालवता चालवता टाकी संपली तर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. ट्यून फवाऱ्याच्या भरवशावर केलेलं असतं. फवारा थांबला आणि बूस्ट तेवढंच राहिलं, तर काही सेकंदांत नॉकिंग सुरू होतं. प्रश्न १० मधल्या गाडीचं हेच झालं.

टाकीतला तरंगणारा सेन्सर पुरेसा नाही. टाकी भरलेली आणि नोझल चोंदलेलं असू शकतं. नळीत प्रत्यक्ष प्रवाह मोजणारा सेन्सर हवा आणि प्रवाह कमी पडला की बूस्ट आपोआप वेस्टगेटच्या (टर्बोचं बूस्ट रोखणारी झडप) स्प्रिंगवर, म्हणजे किमान आकड्यावर, उतरायला हवं. नुसता दिवा लावून भागत नाही. पूर्ण जोरात असताना दिव्याकडे कोण बघतं? बजेट कमी असेल तर किट स्वस्त घ्या, पण हा सेन्सर घ्याच. दोन्ही जमत नसेल तर किट घेऊ नका. जेटफायरवाल्यांना हे १९६२ मध्ये समजलं होतं.

१६. डिझेल गाडीला उपयोग आहे का?

आहे, पण कारण वेगळं. डिझेलमध्ये प्रश्न ३ मधलं नॉकिंग होत नाही. तिथे अडचण असते ती धुराड्याकडे जाणाऱ्या वायूच्या तापमानाची. रिमॅप केलेली डिझेल एसयूव्ही जड ट्रेलर ओढत घाट चढते तेव्हा टर्बो लाल होतो. पाण्याने ते तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइडही कमी होतात. मिथेनॉल मात्र डिझेलच्या कॉम्प्रेशनमध्ये वेळेआधी पेटू शकतं, म्हणून जपून आणि फक्त जास्त बूस्टवर.

१७. मुंबई-कोकणात कूलर चालत नाही. मग हे चालेल?

प्रश्न हुशारीचा आहे. नागपूरला वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि दादरला नुसता ओलावा वाढवतो, हे खरं. पण इथली हवा ६० अंशांच्या वर असते आणि एवढी तापलेली हवा खोलीतल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त वाफ पोटात घेते. जुलैत नळीतला गारवा थोडा कमी होईल, कारण दमट हवा लवकर तृप्त होते. मिथेनॉलला मात्र त्या दमटपणाचं सोयरसुतक नाही, आणि सिलिंडरमध्ये शेकडो अंशांवर कसली आर्द्रता घेऊन बसलात!

१८. ई२० आल्यावर याची गरज कमी झाली का?

थोडी. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते आणि त्याचा ऑक्टेनही जास्त आहे, म्हणजे थोडा फवारा इंधनातच आला म्हणा ना. ट्यून करताना टाकीत जे पेट्रोल आहे त्यावरच करा.

१९. आत पाणी मारून इंजिन गंजत नाही?

चालू इंजिनात सगळ्याची वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. पेट्रोल जळल्यावर तसंही लिटरमागे जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. हेड गॅस्केट लीक झालेलं इंजिन उघडलं की चारपैकी एक पिस्टन चकचकीत घासल्यासारखा दिसतो. तिथे कूलंटच्या वाफेने कार्बन धुतलेला असतो. फवाऱ्यानेही थोडं तसंच होतं. थेट इंजेक्शनच्या गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हवर साचणारी काजळी त्यामुळे कमी राहते.

गंजाची काळजी करायची ती टाकी, पंप आणि नळ्यांची. मिथेनॉल ॲल्युमिनियम खातं आणि साधं रबर फुगवतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून एकदा नुसतं पाणी फिरवा.

२०. आरटीओ पकडेल का? वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि १८२अ कलमात नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलं आहे. वॉरंटी गेलीच समजा. विमा कंपनीला न सांगता बसवलं, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. डिकीत पेट घेणाऱ्या द्रवाची टाकी आहे, हे अपघातानंतर लपत नाही. स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

२१. वायपरचीच टाकी वापरली तर? तिलाही पंप असतोच.

टाकी एक वेळ चालेल, पंप नाही. तो काच धुण्यापुरता दाब देतो आणि फवाऱ्याला १० बारच्या आसपास लागतो. शिवाय आपल्याकडच्या वायपरच्या पाण्यात साबण असतो. त्याचा फेस होतो आणि नोझलवर थर बसतो. टाकी वापरायचीच असेल तर आतून स्वच्छ धुवा, झाकणावर लाल अक्षरांत 'मिथेनॉल – विष' लिहा, आणि सर्व्हिसिंगला देताना पोऱ्याला तोंडी सांगा. नाहीतर तो सवयीने त्यात शाम्पू ओतेल.